टोपलीखालचे बूच

प्रिय शालू,

तू मला लिहिलेले शेवटचे पत्र मी तुला परत पाठवले होते, आठवते? मी तेव्हा पुण्याला वसतिगृहात राहत होते आणि तू शाळेच्या शेवटच्या वर्गात होतीस. तुझ्या चार पानी पत्रात मी लाल शाईने दुरुस्त्या केल्या, खाली 'अक्षर सुधारले आहे, मजकूर विस्कळीत' असा शेरा मारला आणि ते नव्या पाकिटात घालून डोंबिवलीला धाडले. तुला उपयोग व्हावा, एवढाच हेतू होता. त्यानंतर तू मला एकही पत्र लिहिले नाहीस. घरी फोन आल्यावर फोन करू लागलीस, आणि मीही ते सोयीचे म्हणून स्वीकारले.

तेव्हा हे पत्र म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे रखडलेले उत्तर आहे. उशीर झाला, हे मला कळते. तुला जाऊन परवा एक वर्ष झाले.

मग आजच का? कारण गेल्या शनिवारी तुझ्या शेजारच्या हिराबाईंनी मला एक गोष्ट सांगितली. ती इथेच लिहून मोकळे होता आले असते. पण त्याआधी मला माझ्याकडून सगळे सांगितले पाहिजे, क्रमाने आणि काहीही न वगळता. या चार दिवसांत मी दोन मसुदे फाडले. पहिल्यात मी स्वतःची बाजू मांडली होती, दुसऱ्यात स्वतःला झोडपले होते. दोन्ही वाचायला फार सुरेख झाले होते. म्हणूनच फाडले.

आपल्या शाळेच्या पटांगणात बुचाची दोन झाडे होती. कार्तिक लागला की सकाळी प्रार्थनेच्या घंटेआधी त्यांच्याखाली पांढऱ्या फुलांचा थर पडलेला असे. तू दप्तर भिंतीला टेकवून तिथेच मांडी घालायचीस आणि सुई नाही, दोरा नाही, नुसत्या त्या फुलांच्या लांब नळ्या एकमेकींत गुंतवत वेणी विणायचीस. हात चालायचे आणि त्याबरोबर तोंडही. मला ती वेणी कधी जमली नाही. माझी चौथ्या फुलाला सुटायची. मग मी काय केले? झाडाचे शास्त्रीय नाव पाठ केले आणि बाईंना म्हणून दाखवून शाबासकी मिळवली. जे हाताला जमले नाही त्याचे नाव पाठ करायचे, हीच सवय पुढे वाढत वाढत माझी पीएच.डी. झाली, असे आता वाटते.

त्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेच्या दिवशी तू पहाटे उठून, ओल्या फडक्यात गुंडाळून, बुचाची वेणी घेऊन आली होतीस. किती लांबून! परीक्षकांच्या खोलीबाहेर मी टिपणे चाळत उभी होते आणि तू ते फडके माझ्यापुढे उघडलेस. "ताई, माळ ना. आईने सांगितलंय." मी काय म्हणाले, ते तू विसरली असशील. मी विसरलेले नाही. "शालू, हे काय बालवाडीचे स्नेहसंमेलन आहे का?" बरोबरच्या दोन मुली हसल्या. तूही हसलीस. तू तेव्हा नुकतीच बालवाडीत शिकवायला लागली होतीस.

आप्पा गेले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तू डोंबिवलीच्या घरी बूच लावलेस. तुझ्या बालवाडीमागचे जुने झाड जागा मोकळी करण्यासाठी काढले होते. त्याच्या मुळाचा एक फुटवा तू दुधाच्या पिशवीत घालून घरी आणलास आणि मोठ्या आनंदाने मला फोन केलास. मी त्याच रविवारी वर्तकनगरच्या माझ्या घरून मोजपट्टी घेऊन आले.

"घरापासून आठ फूट! शालू, याचे लाकूड ठिसूळ असते. याच्या मुळांना फुटवे येतात, अंगण उखडतील. निदान तीस फूट हवेत."

"ताई, आपल्याकडे तीस फूट आहेत कुठे? तीस फुटांवर हिराबाईंचं न्हाणीघर आहे. तिथे लावू?"

कुंपणाच्या भिंतीपलीकडून हिराबाई लगेच म्हणाल्या, "लावा की! आंघोळीला अत्तर नको मग."

तुम्ही दोघी हसत राहिलात. मला वनस्पतिशास्त्रावर हसलेले चालत नसे. मी तुला योग्य वृक्षांची यादी लिहून दिली आणि निघाले. ती यादी तू स्वयंपाकघरात फडताळाच्या दाराला आतून चिकटवली होतीस. अजून आहे. तेलाचे डाग पडलेत.

झाड वाढले. बूच वाढते तसे, उभ्या उभ्या, कुणाला न विचारता. सहाव्या वर्षी ते फुलले, तेव्हा तू फोन करून म्हणालीस, "ताई, सकाळी दार उघडलं ना, तर पाऊल कुठे ठेवू कळेना." मी विचारले, "फुटवे किती आलेत?" "आहेत थोडे," म्हणालीस.

थोडे नव्हते! फरशांच्या सांध्यांतून, तुळशीच्या कट्ट्याखालून, नळाच्या मोरीपाशी, सगळीकडे होते. हिराबाई गच्चीवर सुकट वाळत घालायच्या, त्यात फुले पडायची. "शालूताई," त्या ओरडायच्या, "तुमच्या फुलांनी माझी सुकट वासाची झाली. आता गिऱ्हाईक बोलतं, ही सुकट देवाला चालेल काय?" तुला त्या तक्रारीचा आनंदच व्हायचा. मला मात्र तुझ्या अंगणात पाऊल टाकले की चुकाच दिसायच्या.

मग एका वर्षी, श्रावणातल्या वाऱ्यात, मोठी फांदी मोडून हिराबाईंच्या न्हाणीच्या पत्र्यावर पडली. पत्रा आत वाकला. "पाच मिनिटं आधी मी आत होते," हिराबाई मला म्हणाल्या. "देवाने जीव राखला आणि लाजही राखली." त्या हसत होत्या. मी वर उरलेल्या फांद्या मोजत होते.

माझी भीती खरी होती, शालू. एवढे तू मान्य करशील ना? दुसरी फांदी तुझ्या खोलीवर पडली असती तर? मी तुला तीन पानांचा अहवाल लिहून पाठवला. आठवड्याने विचारले, "वाचलास का?"

"वाचला. छान लिहिलायस."

"मग?"

"मग काही नाही. फांद्या छाटू दर वर्षी. झाड नाही तोडायचं."

कारण विचारले तर तू दिले नाहीस. कारण न देता माणूस ठाम राहू शकतो, हे मला कधी कळलेच नाही. तुझ्या गप्प बसण्याला मी अज्ञान समजले. घर आप्पांनी तुझ्या नावे केले होते. त्याबद्दल मला कधी राग नव्हता, पण तोडण्याच्या अर्जावर सही तुझीच लागणार होती.

आता पुढचे लिहिते. हे मी कुणालाही सांगितलेले नाही.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुझ्या दुसऱ्या डोळ्याचे, उजव्या डोळ्याचे, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. मी तुला हट्टाने माझ्याकडे वर्तकनगरला आणले. डॉक्टरांनी दोन आठवडे धूळ आणि चुलीचा धूर टाळायला सांगितले होते. मी तुला महिना सांगितला. ऑपरेशनच्याच दिवशी संध्याकाळी तू माझ्या आरामखुर्चीत बसली होतीस, उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, मांडीवर माझे लिहायचे पॅड. त्यावर मी कागद ठेवले. वर विम्याचा फॉर्म, खाली वृक्षतोडीच्या परवानगीचा अर्ज.

"इथे सही कर. आणि इथे."

"कसले गं कागद?"

"ऑपरेशनचे. विम्याला लागतात."

"सगळे?"

"हो, सगळे."

"तू वाचलेयस ना?"

"मी न वाचता कुणाला सही करायला सांगेन का?"

"मग झालं," म्हणालीस, आणि मी बोट ठेवले तिथे सही केलीस. दुसरी सही थोडी वर चढली. त्यावर मी काय बोलले असेन? "ओळीवर कर, शालू." तेव्हासुद्धा!

आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना बजावत आले की वाचल्याशिवाय कशाखालीही नाव घालू नका. आणि माझ्याच बहिणीला मी तेच करायला लावले. माझी भीती खरी होती, तर मला खोटे का बोलावे लागले? या प्रश्नाचे उत्तर मी सात वर्षे शोधते आहे. तुला पटवून देण्याची वेळ आली की मी हरत असे, म्हणूनच ना?

परवानगी तो महिना संपण्याआधी आली. त्याआधी पालिकेचा माणूस पाहणीला आला तेव्हा हिराबाईंनी फाटक उघडून दिले. झाडावर चिकटवलेला नोटिशीचा कागदही त्यांनी पाहिला. मी त्यांना म्हटले, "शालूला मीच सांगेन." तोडणारी माणसे आली, दोन दिवसांत बूच आडवे झाले. नियमाप्रमाणे मी बदली झाड लावले. सीताअशोक. भिंतीपासूनचे अंतर मोजून.

तुला घरी सोडायला आले तो दिवस सांगू? तू फाटकाशी थांबलीस. हात कपाळावर आडवा धरलास.

"उजेड फार झालाय गं," म्हणालीस.

"डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आहे, तो घाल."

तू घातलास. घरात गेल्यावरही काढला नाहीस. जेवतानासुद्धा नाही. दुपारी मला चहा देताना एवढेच विचारलेस, "याला परवानगी लागते ना?"

"रीतसर घेतली आहे."

"हो. तू रीतसरच करशील."

याला मी शाबासकी समजले, शालू! इतकी हुशार बाई आणि इतकी मठ्ठ.

पुढे जे झाले त्यात शास्त्रही माझ्या बाजूने राहिले नाही. बुचाचे खोड एकदम तोडले की मुळे चवताळून फुटवे काढतात, हे मी वर्गात किती वेळा शिकवले होते! ते काढायचे तर धीराने, वर्षभर, थोडे थोडे मूळ खणत काढायचे असते. पण तू परत येण्याआधी मला काम उरकायचे होते. चोरट्या घाईने केलेले काम, त्याचा परिणाम पहिल्या पावसानंतर तिसऱ्या आठवड्यात वर आला. हिराबाईंचा मला फोन. "ओ ताई, एक तोडलंत ना? आता आमच्या न्हाणीत मोजून घ्या. चार आलीत. तुमच्या अंगणात तर लग्नाचं वऱ्हाड उतरलंय!"

मग मी दर पंधरा दिवसांनी शनिवारी येऊ लागले. हातमोजे, खुरपे आणि आलेख-कागदावर काढलेला अंगणाचा नकाशा. जिथे फुटवा, तिथे लाल टिंब. दोन वर्षांत संपेल, असा माझा अंदाज होता. पाच वर्षे झाली तरी संपले नाही. मी खुरपत असे, तू पाटावर बसून घमेले धरत असायचीस. कांदेपोहे, चहा, हिराबाईंच्या सुनेच्या गोष्टी. यजमान गेल्यापासून मी घरी फारशी कुणाशी बोलत नसे. तुझ्या अंगणात मात्र उकिडवी बसून तासन्‌तास बोलले. आपण सख्ख्या बहिणी, आणि या शनिवारांआधी आपण इतक्या भेटलोच नव्हतो. हे कधी तुझ्या मनात आले का? माझ्या मनात प्रत्येक वेळी परत जाताना यायचे.

किती शनिवार! त्यांतला एक शनिवार मला पुरला असता. "शालू, त्या कागदांत एक कागद दुसरा होता." एवढेच वाक्य. मी ते तोंडात घोळवत यायचे आणि खुरपे हातात घेतले की तुला मुळांची माहिती द्यायला लागायचे.

एकदा तू विचारलेस, "ताई, वर खोड राहिलं नाही, हे मुळाला कसं गं कळतं?"

मी तुला संप्रेरकांवर व्याख्यान दिले. चांगले अर्धा तास. तू हं हं करत ऐकलेस आणि शेवटी म्हणालीस, "म्हणजे कळतं." तू तेव्हा संप्रेरकांबद्दल विचारत नव्हतीस, हे मला आज कळते आहे.

आणि ती टोपली! तू जाण्याच्या दीड-दोन वर्षे आधीची गोष्ट. घरामागे, मोरीचे पाणी जाते त्या बोळकांडीत, कपड्यांची जुनी प्लॅस्टिकची टोपली पालथी घातलेली होती आणि तिच्यावर अर्धी वीट. मी नकाशा घेऊन त्या बाजूला वळले, तर तू चहाचा कप घेऊन लगबगीने मधे आलीस.

"तिथे काही नाहीये, ताई. पाल आहे."

"पाल टोपलीखाली झाकून ठेवली आहेस?"

"हो. म्हणजे... पाळलीय."

शालू, टोपलीच्या प्रत्येक भोकातून बुचाचे पान बाहेर आले होते! ते पान मी अंधारात नुसत्या बोटांनी ओळखीन. तू माझ्यासमोर उभी होतीस, चौथीतल्या मुलीसारखी, कपातला चहा बशीत सांडत होता. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा दिसलेली चूक दुरुस्त केली नाही. "चहा निवतोय," म्हणाले आणि वळले. नकाशावर त्या जागी टिंब दिले नाही.

ती माझी क्षमायाचना होती. मला वाटले, तेवढ्याने तुला कळेल. पण तुला वाटले असेल की ताईला दिसलेच नाही. तू पुढेही मी यायच्या प्रत्येक शनिवारी ती टोपली नीट करून ठेवत राहिलीस, शेंडे खुडून त्या रोपाला टोपलीएवढेच ठेवत राहिलीस. मी एक शब्द बोलले असते तर ते झाड सरळ वाढले असते. न बोलता मागितलेली माफी टोपलीखालीच राहिली.

मग गेल्या मार्गशीर्षात तू गेलीस. सकाळी दूध घ्यायला दार उघडले नाहीस, एवढ्यावरून कळले. हिराबाईंनी फोन केला. मी पोचले तेव्हा तुला अंगणात ठेवले होते. त्या दिवशीही मी काय करत होते ठाऊक आहे? कुणी आणलेल्या हारातली सुकलेली फुले निवडून काढत होते. कुणीतरी माझा हात धरून थांबवले.

त्यानंतर वर्षभर मी त्या घरी फिरकले नाही. किल्ली हिराबाईंकडे होती. वर्षश्राद्धाआधी घर झाडून घ्यावे म्हणून गेल्या शनिवारी गेले आणि आधी मागे बोळकांडीत गेले. वीट बाजूला पडली होती. टोपलीच्या फुटक्या तळातून खोड वर आले होते, खाली वाकडे, कुबड आल्यासारखे, आणि टोपलीबाहेर आल्यावर एकदम सरळ. माझ्या दुप्पट उंच! आणि जमिनीवर फुले, शालू. फार नाहीत. नऊ.

हिराबाई मागून आल्या. आणि मी काय म्हणावे? तोंडातून निघाले ते असे: "हे काढावे लागेल. तुमच्या भिंतीपासून तीन फूटही नाही."

हिराबाईंनी कमरेवर हात ठेवले. "काढा ना. तुमचा हात बसलाय. पण या वेळेला सही कोणाची घ्याल?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? शालूताई मला तेव्हाच बोलल्या. एकच डोळा झाकलेला होता ओ त्यांचा. डावा तर आदल्या साली तुम्हीच करून आणला होता. चष्म्याबिगर पेपर वाचायच्या त्या डोळ्याने."

मी टोपलीशेजारी खाली बसले. डावा डोळा! मीच नेले होते, मीच औषधाचे थेंब घातले होते. जिला एका पानातला सुटलेला अनुस्वार लांबून दिसतो, तिला समोरच्या माणसाचा उघडा डोळा दिसला नाही.

"मग तिने सही का केली?" मी विचारले.

"मी पण तेच विचारलं. भांडले मी त्यांच्याशी. बोलल्या, 'हिरा, मी तिला विचारलं, सगळे कागद ऑपरेशनचे का? ती हो बोलली. माझी ताई कधी खोटं बोलत नाय. त्या दिवशी बोलली, म्हणजे किती घाबरली असेल माझ्यासाठी. आता तिला उघडं पाडू?'"

हे ते. हे लिहायला मला चार दिवस लागले.

का गं, शालू? "ताई, हा कागद दुसराच आहे," असे एकदा म्हणायला काय झाले होते? मी चिडले असते, दोन महिने बोलले नसते, आणि मग आले असते ना! तुझ्या डाव्या डोळ्याला अर्जाचे शीर्षक दिसत होते आणि तू मला विचारत होतीस, "सगळे?" "तू वाचलेयस ना?" दोनदा दार उघडून धरलेस. मी दोन्ही वेळा बाहेर आले नाही. आणि मग तू माझ्या खोट्यावरही टोपली घातलीस आणि वर वीट ठेवलीस. जाईपर्यंत मला झाकलेस! याला मी तुझा मोठेपणा म्हणू, की माझी शिक्षा? रागावता येत असते तर तुझ्यावर रागावले असते. प्रयत्न करून पाहिला. जमले नाही.

हिराबाईंनी मला तांब्याभर पाणी दिले. मी ते प्यायले आणि मग त्यांना विचारले. हो, विचारले! "हिराबाई, हे झाड राहू दिले तर चालेल का? याची मुळे तुमच्या भिंतीत जातील. फांदी पुन्हा मोडू शकते. मी काहीही लपवत नाही."

"आता विचारता होय!" त्या म्हणाल्या. मग वाकून टोपलीची फुटकी कड चाचपली. "राहू द्या. भिंतीला तडा गेला तर तुम्हाला हाक मारीन, लिंपायला या. आणि सुकट मी पुढच्या बाजूला घालीन. इतकी वर्षं माझी सुकट बिनवासाची झालीय."

मी शिवणाच्या डब्यातली तुझी मोठी कात्री आणली आणि टोपली कापून काढली. खोडावर तिच्या कडेचा वळ उमटला आहे. तो जाणार नाही. खोड जाड होईल तसा रुंद होईल.

नंतर तुझ्या पाटावर बसून नऊ फुले घेतली आणि विणायला लागले. चौथ्या फुलाला सुटली. पुन्हा केली, पुन्हा सुटली. "नळी दाबू नका, नुसती वळवा," हिराबाई भिंतीवरून सांगत होत्या. तिसऱ्यांदा टिकली. वाकडी झाली, एका बाजूला तीन फुले आणि दुसऱ्या बाजूला सहा. ती उसवावी म्हणून बोटे शिवशिवत होती. उसवली नाही. केस आता माळण्याइतके राहिलेले नाहीत. पिनेने अडकवली आणि तशीच वर्तकनगरपर्यंत आले. चाळीसहून अधिक वर्षे उशिरा, पण आईने सांगितले होते तशी माळली.

आता वचन देते. एरवी मी वचन देत नाही, नियम करते; पण हे वचन आहे. या शनिवारपासून मी पुन्हा येईन. बाकीचे फुटवे काढीन, तेवढे शास्त्र माझ्याकडे राहू दे. हे एक झाड राहील. दर वर्षी पावसाआधी त्याच्या फांद्या छाटून घेईन, तू म्हणाली होतीस तशा. मुळे हिराबाईंच्या भिंतीकडे वळली तर चर खणीन आणि खणण्याआधी त्यांना विचारीन. ते वाकडे आहे तसेच राहील. मी त्याला काठी बांधणार नाही. आणि कुणी विचारले की इथलं जुनं झाड कुठे गेलं, तर मी सांगेन की ते मी बहिणीशी खोटे बोलून तोडले. हेच वाक्य. यात एकही शब्द बदलणार नाही.

हे पत्र मी पुन्हा वाचणार नाही, शालू. काय चुकले असेल ते असू दे. खाली न वाचता सही करते आहे, आणि ती ओळीवर आलेली नाही, हे मला दिसते आहे.

तू वाचलेस ना? मग झाले.

तुझी
ताई